अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून बॉनेट उघडताय? आधी या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात आम्ही महेश्वरला गेलो होतो. घाटावर गाडी लावली तेव्हा डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेजचा आकडा होता लिटरला २२.४ किलोमीटर. माझी गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षांची. मी त्या आकड्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी काकांचा फोन आला, "अरे, परत येतानाचं सांग की!" परत येताना इंदुरात, सुदामा नगरच्या आमच्या दारात आकडा होता १६.१. तो फोटो मी टाकला नाही.

काका जन्मभर इंदुरात राहिलेले, त्यामुळे त्यांना ठाऊक होतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर नर्मदाकाठी, जेमतेम १५० मीटरवर. म्हणजे माळव्यातून निमाडात उतरताना आपण ४०० मीटर खाली येतो. चार माणसं बसलेली गाडी १२०० किलोच्या आसपास भरते. हे वजन ४०० मीटर वर चढवायला, इंजिनात वाया जाणारी उष्णता धरून, सुमारे अर्धा लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरच्या रस्त्यावर एरवी पाच लिटर लागत असेल, तर त्यात अर्धा लिटर म्हणजे दहा टक्के झाले. जाताना तेवढं वाचतं आणि येताना जातं. सगळं वाचत मात्र नाही, कारण मानपूरच्या पुढे उतारावर ब्रेक दाबावाच लागतो आणि ब्रेकमध्ये गेलेलं परत मिळत नाही.

तेव्हा पहिली चूक हीच, एका दिशेचा प्रवास मोजून त्याला गाडीचं अ‍ॅव्हरेज म्हणणं. खंडवा रोडने सिमरोलचा घाट उतरून ओंकारेश्वरला जाणाऱ्यांचंही असंच होतं. ज्या पंपावर भरून निघालात तिथेच परत येऊन भरा, मग बोला.

घाटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणारे मला दर महिन्याला एक तरी भेटतात. कार्ब्युरेटरच्या दिवसांत त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ बंदच करतात, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलीत की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर येतो. गणपती घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकांनी काय केलं ते इंदूरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पाचशेचं टाका

मोजण्यातला सगळ्यात मोठा घोळ पंपावर होतो. "भिया, पाँच सौ का डाल दो" म्हणायची आपली सवय. पाचशेचं टाकलं, काटा इतका वर आला, दिवा लागेपर्यंत इतके किलोमीटर गेलो, भागाकार केला. हे मोजमाप नव्हे, हा अंदाज. आपल्या वडिलांच्या चेतकला रिझर्व्हची चावी होती आणि रिझर्व्ह लागलं म्हणजे टाकीत अमुक एवढंच उरलं हे बऱ्यापैकी पक्कं असायचं. गाडीच्या टाकीत मात्र तरंगता फ्लोट असतो. गाडी जरा उतारावर उभी असली, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की लाल दिवा लागतो आणि सपाटीवर आलात की विझतो. दिव्यापासून दिव्यापर्यंत मोजणं म्हणूनच सोडून द्या.

टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, हाच खरा मार्ग. तोही नीट केला तरच. नोझल पहिल्यांदा आपोआप कट होतं तिथे थांबायचं. मग तो पोऱ्या विचारतोच, "राउंड कर दूँ?" आपण मान हलवतो आणि तो थेंब थेंब करून आणखी पाऊण-एक लिटर आत दाबतो. पुढच्या वेळी दुसरा कुणी असतो, तो पहिल्या कटवर थांबतो. झालं, एक लिटरचा फरक पडला.

हा एक लिटर किती महागात पडतो पाहा. तुमची गाडी खरोखर १६ देते आणि तुम्ही १२८ किलोमीटर चालवून भरायला गेलात असं समजू. लागायला हवेत ८ लिटर. ७ बसले तर हिशेब सांगेल १८.३, आणि ९ बसले तर १४.२. गाडी तीच, रस्ता तोच. तीच मोजणी ४८० किलोमीटरनंतर केलीत, ३० लिटर लागायचे तिथे २९ किंवा ३१ लागले, तर उत्तर १६.६ किंवा १५.५ येईल. म्हणजे टाकी निम्म्याहून जास्त रिकामी झाल्याशिवाय हिशेब करायला बसू नका. आणि शक्य तोवर एकच पंप, एकच मशीन धरा, कारण उभं राहायच्या जागेचा उतारही आलाच. राउंड फिगरचा मोह टाळायचं आणखी एक कारण आहे. कट झाल्यावर कोंबलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं आणि तो खराब झाला की खर्च वेगळाच.

पावती घ्या. रुपये नाही, लिटर लिहा. मी ग्लव्ह बॉक्समध्ये एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, ओडोमीटर, लिटर आणि शेवटी एक शेरा, जसं की "पूर्ण गावात", "उज्जैन दोनदा", "एसी सतत". हा शेऱ्याचा रकाना मला बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त कामी आला.

आता हिशेबातली चूक. समजा एका टाकीला १२ आलं, दुसऱ्या टाकीला २०. तर सरासरी १६? नाही. दोन्ही वेळा १०० किलोमीटर चालली असेल तर पहिल्यांदा ८.३३ लिटर लागले, दुसऱ्यांदा ५. एकूण २०० किलोमीटरला १३.३३ लिटर, म्हणजे १५. उत्तरांची सरासरी काढायची नाही. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि मग एकदाच भागाकार. निदान तीन टाक्यांचा.

स्क्रीनवरचा आकडा

डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला असतो. त्या कॉम्प्युटरने पेट्रोल मापलेलं नसतं. माझ्या गाडीत तो १७.८ म्हणतो तेव्हा वही १६.४ म्हणते, दर वेळी साधारण तेवढाच फरक. बऱ्याच गाड्यांत हा आकडा असा उदारच असतो. तुलनेसाठी तो उत्तम, दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या पैजेसाठी निरुपयोगी. रीसेट कधी केलं होतं तेही पाहा. सर्व्हिसिंगमधून गाडी परत आली आणि आकडा एकदम बदलला, तर बहुतेक वेळा कुणीतरी तो शून्यावर आणलेला असतो.

किलोमीटरही चुकू शकतात, याचा विचार फार थोडे करतात. नवीन टायर टाकल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं, ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. झिजलेल्या टायरची जाडी नव्यापेक्षा सहा-एक मिलिमीटरने कमी असते. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटरच्या आसपास धरली तर हा २ टक्क्यांचा फरक झाला. झिजलेलं चाक लहान, ते जास्त वेळा फिरतं आणि ओडोमीटर किलोमीटर वाढवून दाखवतो. नवे टायर आले की तेच अंतर कमी दिसू लागतं. म्हणजे २ टक्के अ‍ॅव्हरेज नुसतं कागदावर पडलं. वर नव्या रबराचं घर्षणही सुरुवातीला थोडं जास्त असतं. ज्यांनी शोभेसाठी मोठ्या साइझचे टायर बसवलेत त्यांचा घोळ याहून मोठा. बायपासवर किलोमीटरचे दगड धरून वीसेक किलोमीटर चालवा आणि ओडोमीटरशी ताडून पाहा, लगेच कळेल.

हवेचंही तसंच. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने उतरते. मे महिन्यात चाळीस अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या सकाळी, दहा अंशांत, ५ पीएसआय कमी भरते. आपल्याकडे दर डिसेंबरात "गाडी जड वाटतेय" म्हणणारे वाढतात ते उगाच नाही. हवा गाडी थंड असताना बघायची आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा धरायचा.

कंपनीने २२ सांगितलं, मला १५ का?

कारण कंपनीचा आकडा रस्त्यावरचा नाही. आपल्याकडे जाहिरातीत जो आकडा असतो तो अनेक वर्षं ज्या चाचणीतून आला, ती प्रयोगशाळेत रोलरवर होते. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ताशी ९० आणि एसी बंद. त्यात जवाहर मार्गाची गर्दी नाही, रस्त्यात आडवी बसलेली गाय नाही आणि मागच्या सीटवर डबे घेऊन बसलेली आत्या नाही. हा आकडा दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी आहे. तो घरी आणून आपल्या गाडीवर रागावू नका.

तुमचं रोजचं जाणं कसं आहे ते बघा. सुदामा नगरहून राजवाड्याला पाच-सहा किलोमीटर. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं आणि ते गरम होईपर्यंत तुम्ही पोचलेले असता. वर सिग्नल. उभ्या गाडीत एसी चालू ठेवून तासभर बसलं तर लहान पेट्रोल इंजिनही पाऊण लिटरभर पितं आणि त्या वेळात किलोमीटर शून्य. हायवेवर उलटा प्रकार. तिथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केलेत की तो दीडपटीहून जास्त होतो. देवासला पाच-सात मिनिटं आधी पोचण्याची ही किंमत.

पेट्रोलही आता ते राहिलेलं नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, कारण इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नुसत्या गणिताने ६-७ टक्के घट येते, आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींबाबत नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही हाच अंदाज दिला होता. २०१८ची वही आणि आजची वही शेजारी ठेवून मेकॅनिकशी भांडण्यात त्यामुळे अर्थ नाही.

सीएनजीवाल्यांसाठी एकच ओळ. माझा मेहुणा "माझी २६ देते" म्हणतो ते किलोला. किलोभर सीएनजीत जवळजवळ दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, म्हणजे त्याची २६ आणि पेट्रोलवरची १७-१८ या सख्ख्या बहिणी. तुलना करायचीच तर रुपयाला किती किलोमीटर, अशी करा.

पंपावर माप मारतात हा आपला राष्ट्रीय संशय. शंका आली तर पाच लिटरच्या मापात टाकून दाखवा म्हणायचा हक्क ग्राहकाला आहे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची चूक चालते, म्हणजे अर्धा टक्का. पण १६ चे १३ झाले तर आधी गाडीकडे पाहा, तेवढी तूट आणायला लिटरमागे जवळजवळ २०० मिलिलिटर मारावे लागतील. आणि पहाटे थंडीत भरलं की पेट्रोल जास्त बसतं म्हणून गजर लावून उठू नका. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

खरंच पडलं असेल तर

वहीत सलग दोन टाक्या दहा टक्क्यांनी कमी आल्या आणि शेऱ्यात तसं काही कारण दिसत नाही, तेव्हा गॅरेज. माझ्या बाबतीत दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, १६.४ चे १४.६ झाले. पहिल्या गॅरेजने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल साफ केला. बिल ३,२०० रुपये. पुढची टाकी १४.५. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मळलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं पडत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सुटतं.

मग वही उलटी चाळली. पडझडीच्या आधीचा शेरा होता, "पुण्याला लग्न, गाडी १० दिवस अंगणात." दहाही दिवस पाऊस आणि मी हँडब्रेक ओढून गेलेलो. राऊपर्यंत एक चक्कर मारून आलो, उतरून चारही चाकांजवळ नुसता तळहात नेला (रिमला हात लावू नका, भाजतो). तीन चाकं कोमट, मागच्या डाव्या चाकातून शेगडीसारखी धग आणि जळकट वास. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने जॅक लावून चाक फिरवलं तर अर्धा फेरा घेऊन थांबलं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. इतके दिवस मी ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो.

हात फिरवूनही काही सापडलं नाही तर तापमानाकडे बघा. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही इंजिन थंड असल्याचा निळा दिवा विझत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असू शकतो आणि इंजिन कायम थंडीतलं पेट्रोल पीत राहतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर प्लग बदलण्याआधी स्कॅनर लावायला सांगा, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर तिथे सापडतो. इंजिन ओरडतंय पण गाडी तितकी पळत नाही, असं असेल तर क्लच. आणि टपावरचं कॅरियर, जे गेल्या दिवाळीपासून काढायचं राहिलंय, ते.

केबलचं काम ६५० रुपयांत झालं. पुढच्या टाकीला वहीत १६.२ आले. उरलेलं ०.२ दिवाळीच्या आठवड्यात राजवाड्याच्या जाममध्ये गेलं असणार, ते मी शोधत बसलो नाही.