जुलाब लागलेल्या बाळाला जलसंजीवनी कशी द्यावी
बाळाला जुलाब लागले की आईवडील ते थांबवणारे औषध शोधतात. डॉक्टरांना मात्र खरी काळजी असते ती शरीरातून जाणाऱ्या पाण्याची आणि क्षारांची. ही झीज भरून काढणाऱ्या जलसंजीवनीचे, म्हणजेच ओआरएसचे (साखर आणि क्षारांची पूड), 1 लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यातच पूर्ण रिकामे करावे. अंदाजाने अर्धी पूड पेलाभर पाण्यात कालवणे, जे दुर्दैवाने अनेक घरांत घडते, बाळाला घातक ठरू शकते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्रावण चमच्याचमच्याने पाजावे, आणि उलटी झाल्यास 10 मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. उरलेले द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, काही पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त आले, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.