न्यू जर्सीत घराला खोली वाढवायचीय? व्हेरियन्स मागण्याआधी हे वाचा

इथे आपल्या बहुतेक घरांमध्ये गोष्ट सारखीच असते. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, गुडघे दुखतात, जिना नको होतो, मग ठरतं की खाली मागच्या अंगाला एक बेडरूम-बाथरूम काढू. काँट्रॅक्टर खूश, आपण खूश, आणि टाउनशिपचा झोनिंग ऑफिसर लेखी कळवतो की हे झोनिंगच्या, म्हणजे जमिनीवर काय आणि किती बांधायचं याच्या, नियमांत बसत नाही. घाबरू नका, व्हेरियन्स, म्हणजे त्या नियमातून टाउनशिपच्या झोनिंग बोर्डाकडून मिळणारी सूट, अशाच वेळेसाठी असतो.

आधी ते नकाराचं पत्र नीट वाचा. नक्की कुठला आकडा चुकतोय ते बघा, साईड यार्ड (बाजूला सोडायची मोकळी जागा), रिअर यार्ड (मागची मोकळी जागा), की लॉट कव्हरेज (प्लॉटचा किती भाग झाकला जातो ते). कॉर्नरचा प्लॉट असेल तर डबल डोकेदुखी, कारण बऱ्याच टाउनशिपमध्ये दोन्ही रस्त्यांकडची बाजू फ्रंट यार्डच धरतात. कव्हरेजमध्ये लोक हमखास फसतात, खोली छोटीच असते पण ड्राइव्हवे, शेड, मागे हौसेने टाकलेले पेव्हर्स सगळं मोजलं जातं. अशा वेळी थोडे पेव्हर्स उखडून हिरवळ लावली की एक व्हेरियन्स आपोआप कमी होतो. जितकं कमी मागाल तितकं बरं. आणि फ्लोअर एरिया रेशोच्या, म्हणजे प्लॉटच्या मानाने सगळ्या मजल्यांचं मिळून जे क्षेत्रफळ चालतं त्याच्या, वर तर जाऊच नका, कारण तो 'डी' प्रकारात मोडतो आणि त्याला सात जणांच्या बोर्डात पाच मतं बाजूने लागतात. सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) किंवा कव्हरेजचा 'सी' व्हेरियन्स हजर असलेल्यांच्या साध्या बहुमतावर निघतो.

आता मुख्य गोष्ट, जी बोलताना आपले लोक नेमकी उलटी बोलतात. बोर्डासमोर उभं राहून आईच्या गुडघ्यांबद्दल दहा मिनिटं सांगतात. बोर्डावरची माणसं चांगली असतात, माना डोलावतात, पण कायद्याला तुमच्या घरातली अडचण चालत नाही, जमिनीची अडचण लागते. १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये हे स्पष्ट आहे, प्लॉट अरुंद आहे, उथळ आहे, वेडावाकडा आहे, उतार आहे, किंवा तिथे आधीपासून कायदेशीर उभं असलेलं घरच अशा जागी आहे की नियम पाळणं अवघड जातंय. कारण साधं आहे, व्हेरियन्स जमिनीसोबत राहतो, आईबाबा परत गेले, तुम्ही घर विकलं, तरी तो तिथेच. आणि अडचण तुम्हीच ओढवून घेतलेली नसावी. पण म्हणून 'याशिवाय प्लॉट निरुपयोगीच आहे' इतकं टोकाचं सिद्ध करावं लागत नाही, १९९९ साली नॉर्थ काल्डवेलच्या एका अरुंद प्लॉटवरच्या स्विमिंग पूलच्या केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेच ते सांगितलंय.

व्हेरियन्स मिळवायचा दुसरा रस्ता म्हणजे त्याचा फायदा तोट्यापेक्षा बराच जास्त आहे असं दाखवायचं, पण फायदा फक्त तुमचा नको, आजूबाजूचाही हवा. आणि रस्ता कुठलाही घ्या, शेजारपाजारचं फार नुकसान होत नाही आणि टाउनशिपच्या झोनिंग प्लॅनला धक्का बसत नाही हे दाखवावंच लागतं.

समजा साईड यार्ड १० फूट हवं आणि तुमचं ८ राहतंय. पहिला प्रश्न येणार, दोन फूट आत का घेत नाही? 'खोली लहान होते' हे उत्तर पडतं. 'प्लॉट मागे निमुळता होत जातो, घर मूळचंच तिरकं बांधलंय, जुन्या भिंतीच्या रेषेतच सरळ मागे वाढवतोय, दुसऱ्या बाजूला उतार आहे, हा सर्व्हे बघा' हे उत्तर उभं राहतं. त्यामुळे सर्व्हे ताजा, लायसन्स्ड सर्व्हेयरचाच, आणि चारी बाजूंचे फोटो तारखेसकट.

नोटीसमध्ये अजिबात गडबड नको. प्लॉटपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस जायला हवी, हातात किंवा सर्टिफाइड मेलने, पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा. यादी स्वतः बनवू नका, टाउनशिपकडून सर्टिफाइड यादी मागा, ती सात दिवसांत द्यावी लागते आणि फी नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, जे जास्त असेल ते. जाहीर नोटीसही द्यावी लागते, ती कुठे ते बोर्डाच्या सेक्रेटरीला विचारा (या बाईशी गोड बोला, अर्धं काम तिच्या हातात असतं). नोटीस चुकली तर बोर्डाला तुमची केस ऐकताच येत नाही, तारीख पुढे.

नोटीस पोचायच्या आधी शेजाऱ्यांकडे प्लॅन घेऊन जाऊन या. सर्टिफाइड पत्र अचानक दारात आलं की चांगला माणूसही बिथरतो. हरकत नसेल तर सुनावणीला या म्हणावं, पत्र सहसा चालत नाही कारण पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाहीत. बोर्डाच्या मेंबरला मात्र बाहेर गाठून केसबद्दल चकार शब्द काढू नका, ओळखीचा असला तरी.

पैशांचं म्हणाल तर अर्जाच्या फीशिवाय एस्क्रो, म्हणजे आगाऊ ठेव, भरावा लागतो, त्यातून बोर्डाच्या इंजिनिअरचं वगैरे बिल जातं, उरले तर परत. घर स्वतःच्या नावावर असेल तर वकिलाशिवाय उभं राहता येतं, एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर असेल तर वकील हवाच. आर्किटेक्टला सोबत न्या. साक्ष शपथेवर असते, थोडक्यात बोला.

अर्ज पुरा आहे की नाही हे सांगायला ४५ दिवस, पुरा झाल्यावर निर्णयाला १२० दिवस, म्हणजे उन्हाळ्यात खोली हवी असेल तर आदल्या उन्हाळ्यातच सुरुवात करा. हो मिळालं तरी बोर्डाचं लेखी रेझोल्यूशन (ठराव) नंतर येतं, ते जाहीर झाल्यावर विरोधकांना कोर्टात जायला ४५ दिवस असतात, तेवढ्यात बांधकाम केलंत तर जोखीम तुमची. बांधकामाचं परमिट वेगळं, आणि एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर त्यांची मंजुरी आणखी वेगळी.