स्वस्तातला म्युझिक प्लेअर घेताय? मग या चुका टाळा

आमचे अण्णा रोज पहाटे नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला जातात. वय एकाहत्तर, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि फिरताना कानात शास्त्रीय गाणं हवंच हवं. फोनवर ऐकायला बसलं की मधेच कुणाचा तरी फोन येतो नाहीतर व्हॉट्सॲप वाजतं, आणि तासाभराचा ख्याल ऐन रंगात आलेला असताना ते टिंग वाजलं की त्यांचा सगळा मूडच जातो. म्हणून मागच्या वर्षी त्यांच्यासाठी फक्त गाणी ऐकायचा वेगळा प्लेअर घेतला. पहिला चुकला, दुसरा बरोबर निघाला. मधल्या दोन-अडीच महिन्यांत जे काही कळलं ते इथे लिहितेय, कारण हल्ली बरेच जण विचारतात. कुणाला लेकराच्या हातात मोबाईल द्यायचा नाहीये, कुणी पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक आहे आणि इगतपुरी सोडून गाडी कसारा घाटात शिरली की रेंज जाते आणि गाणं तिथेच अडकून बसतं.

एक आधीच सांगते. दीड-दोन हजारापासून सात-आठ हजारापर्यंतच्या प्लेअरमध्ये आवाज बहुतेक वेळा ठीकच असतो. माणूस वैतागतो तो आवाजामुळे नाही तर बारीकसारीक गोष्टींमुळे, जागा लक्षात न ठेवणं, मराठी नावं न दिसणं, कार्ड न वाचणं, चार्जिंग न होणं, आणि यातलं काहीच खोक्यावर लिहिलेलं नसतं. खोक्यावर काय असतं? हाय-रेझ, लॉसलेस, हाय-फाय आणि मेटल बॉडी.

पहिली चूक: गाणं कुठे थांबलं ते प्लेअरला आठवतं का, हे न बघणं

माझी सगळ्यात मोठी चूक हीच झाली म्हणून यावरच जास्त लिहिते. पहिला प्लेअर दिसायला सुरेख, हातात वजनदार, आवाजही छान. अण्णांनी पहिल्याच दिवशी ५८ मिनिटांचं एक रेकॉर्डिंग लावलं, अर्ध्या तासाने ट्रॅकवर त्यांचे मित्र भेटले, बाकावर गप्पा झाल्या, तेवढ्यात प्लेअर आपोआप बंद झाला. परत चालू केला तर गाणं पहिल्यापासून. मग पुढे ढकलायचं म्हणून बटण दाबून धरायचं, आणि त्यातली पुढे ढकलायची गती इतकी कमी की तीस मिनिटं पुढे जायला तीन-चार मिनिटं बटण दाबून उभं राहायचं. मी एक दिवस सोबत गेले तेव्हा स्वतः बघितलं, ट्रॅकवरच्या दिव्याखाली प्लेअर अगदी नाकाजवळ धरून, अंगठा बटणावर दाबून उभे होते. अंगठा सरकला की पुढचंच गाणं लागायचं, की परत शून्यापासून. चार दिवसांनी त्यांनी तो कपाटात ठेवून दिला, मला काही बोलले पण नाहीत.

तीन-तीन मिनिटांची सिनेमातली गाणी ऐकणाऱ्याला हे कधी जाणवणारच नाही, म्हणून रिव्ह्यूमध्येही कुणी बोलत नाही. पण आपल्याकडे कीर्तन, प्रवचन, शास्त्रीय मैफल, नाटकाचं रेकॉर्डिंग असं सगळं तासाच्या हिशोबात असतं, तेव्हा हे आधी बघाच. कसं बघायचं, तर एक तासाभराची फाइल टाका, वीस मिनिटांपर्यंत न्या, प्लेअर पूर्ण बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. जागेवरच चालू झालं तर उत्तम. मग दुसरी परीक्षा, दुसरं एखादं गाणं लावा आणि परत त्या मोठ्या फाइलवर या. बरेच प्लेअर पहिल्या परीक्षेत पास होतात आणि दुसरीत नापास. सेटिंगमध्ये रिझ्यूम किंवा बुकमार्क असं काही आहे का तेही शोधा, कधी कधी ते मुळात बंद करून ठेवलेलं असतं.

समजा प्लेअर आधीच घेऊन झालाय आणि त्यात ही सोय नाही, तर मोठ्या फाइलचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून टाका. एमपी३डायरेक्टकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एमपी३ परत एन्कोड न करता कापतं म्हणजे आवाज जसाच्या तसा राहतो. फक्त दोन तुकड्यांच्या मधे काही प्लेअर अर्धा सेकंद गप्प बसतात. आलापात ती फट कळते, प्रवचनात नाही. ही फट न येणाऱ्याला गॅपलेस म्हणतात, तो शब्द सेटिंगमध्ये दिसला तर चालू करा.

मराठी नावांचे चौकोन

गाण्यांची नावं देवनागरीत असली तर स्वस्त प्लेअरच्या स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात, कारण त्यांच्यात देवनागरी फॉन्टच नसतो. काहींमध्ये अक्षरं दिसतात पण वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी सुटी पडतात. हे प्लेअर बिघडल्याचं लक्षण नाहीये, त्यामुळे परत करायची घाई नको. एमपी३टॅग म्हणून सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळी गाणी एकदम घेऊन नावं इंग्रजी अक्षरांत करून टाका. लक्षात ठेवा, फाइलचं नाव वेगळं आणि फाइलच्या आत लिहिलेलं नाव म्हणजे टॅग वेगळा, प्लेअर बहुतेक वेळा टॅगच दाखवतो. तुम्ही फाइलचं नाव बदलत बसता आणि स्क्रीनवर चौकोन तसेच राहतात, माझी एक आख्खी संध्याकाळ यात गेली.

टॅगचं काम करतानाच फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत लावून घ्या. काही साधे प्लेअर नावाप्रमाणे गाणी लावतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने लावतात. एक फोल्डर घेऊन त्यातली गाणी क्रमाने एकेक कॉपी केली की सरळ लागतात. नाहीतर फॅटसॉर्टसारखं सॉफ्टवेअर कार्डावरचा क्रम लावून देतं.

मेमरी कार्ड

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. एमजी रोडला चक्कर मारताना मला एका ठिकाणी १२८ जीबीचं कार्ड इतक्या कमी भावात मिळालं की घेऊन टाकलं. सुरुवातीची गाणी मस्त वाजली. पुढची काही नुसती खरखर, काही लागेचनात, आणि मला वाटलं प्लेअरच खराब आहे. प्लेअर चांगला होता, कार्ड नकली होतं. अशा कार्डात खरी जागा असते ८ किंवा १६ जीबी, पण आतली चिप कॉम्प्युटरला १२८ सांगते, कॉपी पण होऊ देते, आणि खरी जागा भरली की पुढचं सगळं वाया जातं नाहीतर आधीच्याच डेटावर लिहिलं जातं. फोल्डरमध्ये नावं दिसतात पण आत गाणं नसतं.

तपासायचं एकच खात्रीचं तंत्र, आख्खं कार्ड भरून परत वाचून बघणं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३, दोन्ही फुकट. मोठ्या कार्डाला दोन-तीन तास लागतात, रात्री लावून झोपा. पण कार्ड घेतल्या दिवशीच करा, परत करायची मुदत संपल्यावर कळून काय उपयोग.

आणि मुळात १२८ हवंय कशाला याचाही हिशोब करा. ३२० केबीपीएसचं एमपी३ म्हणजे तासाला साधारण १४४ एमबी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात दोनशे तासांहून जास्त गाणं बसतं! फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फाइलमध्ये, तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास धरा, तरी नव्वद तास. अण्णांच्या कार्डात अजून अर्धी जागा रिकामी आहे.

३२ जीबीचा अजून एक फायदा म्हणजे ही कार्डं एफएटी३२ फॉरमॅटमध्ये येतात आणि ती जवळपास सगळे प्लेअर वाचतात. ६४ आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये येतात, ती बऱ्याच स्वस्त प्लेअरना वाचताच येत नाहीत, स्क्रीनवर कार्ड नाही असं येतं. तुमच्याकडे मोठं कार्ड असेल आणि असं होत असेल तर रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरून ते एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून बघा, बऱ्याचदा चालायला लागतं. आधी गाणी दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

आकड्यांच्या मागे पळणं

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाज किती बारकाईने नोंदवलाय त्याचे आकडे, हे वाचून पैसे वाढवू नका. सीडी असते १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची, आणि माणसाला ऐकू येतं ते सगळं त्यात मावतं. त्यातून आपण ऐकतो काय तेही बघा ना. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांचा जन्म १९२१ चा, आपल्या नाशिकचाच, आणि ते गेले १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी. स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. म्हणजे त्यांचं जे काही गाणं आपल्याकडे आहे ते सगळं मोनो, त्यातलं बरंचसं एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावणाऱ्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरचं. ते गाणं अण्णांच्या डोळ्यात पाणी आणतं, पण त्याची फाइल १९२ किलोहर्ट्झची करून त्यात एक कणही वाढत नाही. नीट काढलेलं एमपी३ भरपूर झालं. उलट अशा फुगवलेल्या फाइल्स स्वस्त प्लेअरला झेपत नाहीत, अडखळतात. तसं होत असेल तर फूबार२००० नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ करून घ्या.

तेच पैसे इयरफोनला लावा. प्लेअर पाच हजाराचा आणि इयरफोन दीडशेचा असं करू नका. १६ किंवा ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) साधा वायरवाला इयरफोन छोट्या प्लेअरला व्यवस्थित चालतो, स्टुडिओतले २५० ओहमचे मोठे हेडफोन लावलेत तर आवाज बारीक येणारच.

ॲपवरची गाणी प्लेअरमध्ये येतील असं समजणं

नाही येत. ॲपमध्ये पैसे भरून डाउनलोड केलेली गाणी त्या ॲपच्याच आत कुलूपबंद असतात, साध्या प्लेअरवर कॉपी करता येत नाहीत. सेवा बंद केली की तीही गेली. तुमच्याकडे स्वतःच्या फाइल्स पाहिजेत, विकत घेतलेल्या किंवा घरातल्या सीडीवरून काढलेल्या. आमच्याकडे अण्णांच्या साठ-सत्तर सीडी होत्या, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही म्हणून यूएसबीचा ड्राइव्ह आणला आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने दोन रविवारांत सगळ्या काढून झाल्या, अण्णा शेजारी बसून कुठली मैफल कुणाबरोबर ऐकली होती ते सांगत होते.

कुणी म्हणेल मग ॲंड्रॉइडवाला प्लेअर घ्या, त्यात ॲप चालतं. चालतं, पण स्वस्तातल्यात जुनं ॲंड्रॉइड असतं, दोन वर्षांनी ॲप म्हणतं तुमचं व्हर्जन चालणार नाही, आणि बॅटरीही लवकर उतरते. अजून एक चूक, फाइलच्या नावातलं नुसतं एक्स्टेन्शन, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बदलणं. यूट्यूबवरून आलेल्या वेबएम फाइलचं नाव बदलून एमपी३ केलं तर ती एमपी३ होत नाही, ती खरोखर कन्व्हर्ट करावी लागते.

चार्ज होत नाही, कॉम्प्युटरला दिसत नाही

या तक्रारीसाठी दुकानात धावण्याआधी केबल बदला. स्वस्त प्लेअरला टाइप सी पोर्ट असतो पण कंपनीने आतले दोन बारके रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडून सी असलेली केबल लावली की चार्जर वीज सोडतच नाही. प्लेअर मेला असं वाटतं. जुन्या चपट्या यूएसबीच्या चार्जरला ए टू सी केबलने लावा, लगेच चार्जिंग सुरू होतं. आणि चार्ज होतोय पण लॅपटॉपला दिसत नाही, तर ती केबल फक्त चार्जिंगची असेल, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. कपाटात ठेवून देणार असाल तर अर्धा चार्ज करून ठेवा, पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की उठत नाही.

ब्लूटूथ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, इयरबड जोडता येतो का ते जोडूनच बघा. एफएम असेल तर त्याला वायरवालाच इयरफोन लागतो कारण ती वायरच ॲंटेना असते, आकाशवाणी नाशिक ऐकायचं असेल तर ब्लूटूथवर भागणार नाही.

वयस्कर माणसासाठी घेत असाल तर टचस्क्रीन नकोच. अण्णांच्या दुसऱ्या प्लेअरला पाच उठावदार बटणं आहेत आणि बाजूला लॉकची सरकपट्टी, खिशात हात घालून न बघता ते आवाज कमी करतात, थांबवतात, परत लावतात.

आणि प्लेअर चालू होताना लोगोवरच अडकला तर घाबरू नका. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, नाहीतर मागे बारीक छिद्र असेल तर त्यात पिन घालून रीसेट करा. तरी अडकला तर कार्ड काढून चालू करा. कार्ड नसताना नीट चालू झाला तर दोष कार्डावरच्या एखाद्या फाइलमध्ये आहे, अर्धवट कॉपी झालेली किंवा टॅग बिघडलेली. निम्मी गाणी काढून बघा, मग उरलेल्यातली निम्मी, असं करत ती फाइल सापडते. आमच्याकडे ती एका सीडीची सातवी फाइल होती, कॉपी चालू असताना मीच केबल ओढली होती. ती पुन्हा काढून टाकली, तेव्हापासून प्लेअर एकदाही अडकलेला नाही.