दोन द्रावणं मिसळली तर साका बसणार का, हे मिसळण्याआधी ओळखायचं कसं?

आमच्या घरी सोलापुरात बोअरचं पाणी. उकळलं की पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरायचा आणि आई तो चिंचेने घासून काढायची. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं तापल्यावर कार्बोनेट होतं आणि तेच खाली बसतं, हे मला कळलं बी.एस्सी.ला गेल्यावर. आज मी कापड रंगवणाऱ्या एका डाईंग युनिटच्या लॅबमध्ये काम करतो. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्या वर्षाच्या एका प्रॅक्टिकलला लेड नायट्रेट आणि सोडियम क्लोराईडची द्रावणं होती, दोन्ही ०.०३ मोलर (लिटरला ०.०३ मोल). दहा-दहा मिली मिसळायची, पण त्याआधी वहीत लिहायचं, प्रेसिपिटेट, म्हणजे साका, येईल की नाही. कुठला क्षार विरघळतो आणि कुठला नाही, याचा तक्ता मला तोंडपाठ होता. नायट्रेट सगळे विरघळतात. सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे क्षारही विरघळतात. क्लोराईडमध्ये चांदी, शिसं आणि मर्क्युरसचे अपवाद. सल्फेटमध्ये मुख्यतः बेरियम आणि शिसं. मी ठामपणे लिहिलं, 'पांढरा साका येणार.' शिवाय गणितही केलं: एका शिशाला दोन क्लोराईड लागतात, म्हणून ०.०३ गुणिले ०.०३ चा वर्ग, म्हणजे २.७ × १०⁻⁵. लेड क्लोराईडचा के-एस-पी (विद्राव्यता गुणाकार, म्हणजे आयनांचा गुणाकार ज्याच्या वर गेला की साका बसतो ती मर्यादा) साधारण १.७ × १०⁻⁵. आयनांचा गुणाकार के-एस-पीच्या वर गेला, म्हणजे साका पक्का.

परीक्षानळी स्वच्छच राहिली. काचकांडीने आतून घासलं, नळाखाली गार केली, तरी काही नाही. बाटलीवरचं लेबल चुकलं असणार, असंच मला वाटलं.

चूक गणितात होती. दहा मिलीत दहा मिली घातले की एकूण वीस होतात आणि दोन्हींची संहती निम्मी होते. ०.०१५ धरून पुन्हा गुणलं तर उत्तर आलं ३.४ × १०⁻⁶. के-एस-पीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. साका येणार कुठून? त्याच लेड नायट्रेटमध्ये मग तितकंच ०.०३ मोलर पोटॅशियम आयोडाईड घातलं आणि क्षणात नळी हळदीसारखी पिवळीधमक झाली. लेड आयोडाईडचा के-एस-पी लेड क्लोराईडच्या हजार पटींहून कमी, त्यामुळे इतक्या पातळ द्रावणातही ते टिकत नाही. (ही नळी सिंकमध्ये ओतू नका. शिसं विषारी आहे, त्याची वेगळी बाटली ठेवा.)

म्हणून तक्ता जरूर पाठ करा, पण त्यातून फक्त जोडी कळते. खरंच साका बसेल का, हे प्रमाणावर ठरतं, आणि प्रमाण धरायचं ते मिसळल्यानंतरचं. 'अविद्राव्य' म्हणजे अजिबात न विरघळणारं, असा अर्थ मी कितीतरी दिवस घेत होतो. तसं काहीच नसतं. प्रत्येक क्षार थोडा तरी विरघळतोच.

डाईंगमध्ये हेच गणित रोज समोर येतं. सुती टॉवेलवर रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुती धाग्याशी रासायनिक बंध करणारा) पक्का करायला सोडा अ‍ॅश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, लागतो. समजा पाण्याचा कडकपणा ४०० पीपीएम (लिटरला ४०० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका) आहे, म्हणजे कॅल्शियम सुमारे ०.००४ मोलर. लिटरला २० ग्रॅम सोडा घातला तर कार्बोनेट ०.१९ मोलरच्या आसपास. दोन्हींचा गुणाकार कॅल्शियम कार्बोनेटच्या के-एस-पीपेक्षा लाखाहून जास्त पट भरतो. इथे निम्मं-दुप्पट काहीही धरा, साका बसणारच. तो कापडावर बसला की टॉवेल खरखरीत लागतो आणि रंगाला डाग पडतात. म्हणून आधी पाण्यातलं कॅल्शियम काढणारा सॉफ्टनर, आणि उरलेल्या कॅल्शियमला धरून ठेवायला सिक्वेस्टरिंग एजंट.

नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी एवढंच करायला लावतो. टाकीतलं पाणी बीकरमध्ये घ्यायचं, बाथच्या (रंगाच्या द्रावणाच्या) प्रमाणातच सोडा घालायचा, बाथच्या तापमानाला आणायचं आणि मागे काळा कागद धरून दहा मिनिटं बघत बसायचं. धुरकट झालं तर सॉफ्टनर रिजनरेट करायचा, म्हणजे पुन्हा कामाचा करायचा, मगच माल मशिनला लावायचा.