ऑनलाइन अभ्यास पाठवताना या चुका टाळा

"लिंक टाकली, आता पोरांनी बघावं." शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. लिंक ग्रुपवर पडली म्हणजे अभ्यास पोरापर्यंत पोचला, असं होत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान जुन्या फॉन्टनं होतं. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात. माझ्या आठवीच्या वर्गात एक अंध मुलगी होती. लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, लावून ती ऐकत वाचायची. इतिहासाची चाचणी मी कृतिदेवमध्ये पाठवली. तिची उत्तरपत्रिका कोरी आली आणि मी शून्य दिलं. का, ते विचारलंही नाही. दोन दिवसांनी ती म्हणाली, "बाई, प्रश्नच कळले नाहीत. लॅपटॉप नुसती एबीसीडी बोलत होता." आधीचे सगळे प्रश्न ती मैत्रिणीकडून वाचून घ्यायची, हे तेव्हा समजलं. त्या दिवशी मैत्रीण गावाला गेली होती.

तेव्हापासून पाठवण्याआधी मी फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवते. इंग्रजी अक्षरं उमटली तर फॉन्ट जुना. ओळ निवडताच आली नाही तर तो पानाचा नुसता फोटो. मग युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलच्या पोटातही मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप करते. कन्व्हर्टर सुचवणारे खूप भेटतात, पण त्यात जोडाक्षरं आणि रफार कधीकधी मोडतात आणि घाईत कुणी तपासत नाही. पीडीएफऐवजी वर्डची फाइल द्या. युनिकोड मराठीही पीडीएफमध्ये कधीकधी विस्कटते.

सकाळी लिंक, रात्री आठपर्यंत उत्तरं, हेही नको. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी परत आला की आधी भावाच्या हातात, बहीण तोवर स्वयंपाकघरात. ऊसतोडीला गेलेल्या घरात तर चार्जिंगचीच मारामार. मी तीन दिवस देते. शिवाय हाताने लिहून आणलेलं उत्तरही घेते.

पुस्तकातला क्यूआर कोड ‘घरी स्कॅन करा’ म्हणू नका. शाळेच्या वायफायवर सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये धडा डाउनलोड करून द्या, मग नेट नसलं तरी चालतो.

रंग सगळ्यांनाच ओळखता येत नाहीत, म्हणून ‘लाल रंगातले प्रश्न सोडवा’ असं न लिहिता प्रश्नांचे क्रमांक लिहा.

व्हॉइस नोटसोबत तोच मजकूर लिहूनही पाठवा. कमी ऐकू येणारी मुलं बहुतेक वेळा स्वतःहून सांगत नाहीत.