तास कुठून मोजायचे? नव्या ट्रक ड्रायव्हरसाठी

नागपूरजवळच्या वाडीत किंवा कापसीला एखाद्या ट्रान्सपोर्टात नवीन लागलेल्या पोराला गाडी चालवायला चारजण शिकवतात, तास मोजायला कोणी शिकवत नाही. मी बरीच वर्षं हैद्राबाद, रायपूर, जबलपूर या लायनींवर आहे. सोबत येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट सांगतो, की गाडी हलली तेव्हापासून नाही, तू हजर झाला तेव्हापासून तास मोज.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने माप घालून दिलं ते असं : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० आणि ५४ पर्यंत. ५ तास काम झालं की किमान अर्धा तास विसावा. विसावा धरून सगळं १२ तासांच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागण्याआधी सलग ९ तास मोकळे. या कायद्यात गाडी ताब्यात घेणं, माल भरणं, खाली करणं, हिशेब देणं हेही कामातच धरलं आहे. आता हा विषय नव्या श्रम संहितेत गेला, तरी तास लिहायच्या वहीसाठी मी हेच माप वापरतो, कारण अंगाला तेवढंच झेपतं.

वही म्हणजे साधी खिशातली डायरी. त्यातलं एक पान कसं दिसतं ते बघा :

सकाळी ८, वाडी गोदाम, हजर. ८ ते १२.३० गाडी भरली, ताडपत्री, दोरी, बिल्टी (मालाची पावती). १२.३० ते १ जेवण. १ वाजता निघालो. ३.३० हिंगणघाटच्या पुढे, चहा, टायर पाहिले. ६ वाजता पांढरकवडा, हॉल्ट.

स्टिअरिंग जेमतेम पाच तास, पण हजर झाल्याला दहा तास झाले. नवीन पोरगा इथेच फसतो. त्याला वाटतं, आत्ता तर निघालो, आदिलाबाद टाकू, निर्मल टाकू. दोरी ओढून दुखणारे खांदे तो हिशेबात धरतच नाही. गाडी नुसती रांगेत लागलेली असते तो वेळ कायदा कामात धरो न धरो, मी लिहून ठेवतो. उन्हात उभं राहून कोणाला आराम मिळाला आहे?

अशा वेळी फोन येतोच. उत्तर तयार ठेवायचं : "सेठ, सकाळी आठपासून गाडीवर आहो. पहाटे पाचला निघतो, दुपार कलता हैद्राबादेत." वेळ सांगून बोललं की बहुतेक मालक ऐकतात. "ई-वे बिल संपेल" ही भीती घालणाराही भेटतो. ई-वे बिल म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा मुदतीचा कागद. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. नागपूर-हैद्राबाद ५०० च्या आसपास, म्हणजे तीन दिवस. वाटेत गाडी बिघडली, उशीर झाला तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. त्या कागदासाठी रात्रभर पळायची गरजच नसते.

झोपेचा रकाना मात्र वेगळा ठेवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो. तेव्हा दुपारी केबिनमध्ये घामाने निथळत चार तास पडून राहिलो, तर मी झोप दीड तासच लिहितो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही ड्रायव्हरसाठी फार मोठी गोष्ट आहे. पण रस्त्यावर जुन्याच गाड्या जास्त आहेत. रात्री दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. शक्यतो त्या वेळी गाडी उभीच असू द्या.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर आणखी जपावं लागतं. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता. ना गिअर बदलायचा, ना ब्रेक, ना गाव. डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर गाडीला ड्रायव्हरच नाही. जांभई वारंवार यायला लागली, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवेनात, की थांबायचंच. चहाने वीस-पंचवीस मिनिटांनी तरतरी येते, म्हणून चहा पिऊन तेवढाच वेळ पाठ टेकावी. पण कडेच्या पट्टीवर गाडी लावून कधीच झोपू नका. मागून येणाऱ्याला झापड आली की तो तुमच्याच गाडीत घुसतो. पंप, ढाबा किंवा ट्रकांसाठीचा थांबा बघा, आणि तो निघायच्या आधीच ठरवून ठेवा.

वही महिन्याच्या हिशेबालाही कामी येते. टोलच्या फास्टॅगचे मेसेज मालकाच्या फोनवर जातात, त्यात वेळ असते. तुमच्या पानावरची वेळ त्याच्याशी जुळली की वाद राहत नाही. पहिली नोकरी धरताना तीन गोष्टी आधीच विचारा : गाडी भरण्याचा वेळ ड्युटीत धरता का, लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर देता का, आणि रात्रीच्या हॉल्टचा भत्ता किती.