लॉग ऑफ न करता घरच्या कॉम्प्युटरवर परवानगी कशी द्यावी

आमचं घर बेळगावात शहापूरला. कॉम्प्युटर एकच, आणि तो सगळ्यांचा. भावोजी साडीच्या दुकानाची बिलं टॅलीत करतात. लेकीला कन्नडच्या प्रकल्पासाठी नुडी, म्हणजे कन्नड टाइप करायचं सॉफ्टवेअर, लागतं. मामंजी 'भूमी'वर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटवर, शेताचा उतारा काढतात, तो कन्नडमध्ये असल्यामुळे नातीला शेजारी बसवून वाचून घेतात. कुणाला काही नवीन बसवायचं असलं की बसलेल्याला उठवायचं, हे पूर्वी रोजचंच. "वैनी, बिलं करूलालो हाय, बंद करू नका," असं भावोजी आतूनच सांगायचे. त्यांना उठवायची गरज नसते, हे मला समजून सांगायचं आहे.

आधी खाती नीट करा. अॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं 'अॅडमिन' खातं वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड दोघा मोठ्यांनाच माहीत असू दे. बाकी सगळ्यांची खाती 'स्टँडर्ड'. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, मग 'अदर यूजर्स' इथे हे जमतं. सगळ्यांनाच अॅडमिन करून टाकणं सोपं वाटतं, पण मग पोरानं चुकून उघडलेली खराब फाइलसुद्धा सगळ्या कॉम्प्युटरवर अधिकार गाजवते. म्हणून परवानगी त्या एका कामापुरती द्यायची, माणसाला कायमची नाही.

समजा लेक तिच्या खात्यात आहे आणि तिला नुडी बसवायचं आहे. तिनं सेटअपवर डबल क्लिक केलं की स्क्रीन काळवंडते आणि अॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. तुम्ही जाऊन तो टाइप करा, एवढंच. सेटअप तेवढा अॅडमिनच्या अधिकारानं चालतो, तिचं खातं स्टँडर्डच राहतं, उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. पासवर्ड टाकण्याआधी त्या चौकटीतलं 'पब्लिशर' हे नाव जरूर वाचा. तिथे 'अननोन' दिसलं तर फाइल कुठून आणली ते विचारा, समाधान झालं नाही तर 'नो' दाबा.

इथे एक गोष्ट फार जणांना चकवते. पासवर्ड अॅडमिनचा असल्यामुळे तो सेटअप अॅडमिन म्हणूनच चालत असतो. काही प्रोग्राम मग अॅडमिनच्याच खात्यात बसतात आणि लेकीला तिच्याकडे दिसतच नाहीत. सेटअपमध्ये 'सगळ्या वापरकर्त्यांसाठी' असा पर्याय आला तर तोच निवडा.

आधीच बसवलेला प्रोग्राम अॅडमिनच्या अधिकारानं उघडायचा असेल तर स्टार्टमध्ये नाव टाइप करून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबा. दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून चालवायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक करा, 'रन अॅज डिफरंट यूजर' दिसेल. त्या खात्याला पासवर्ड असायलाच हवा, रिकामा चालत नाही.

फोल्डरचं काम आणखी सोपं. मामंजींचे उतारे लेकीनं नीट लावून द्यावेत म्हणून तो फोल्डर आम्ही डी ड्राइव्हवर ठेवला. अॅडमिनच्या अधिकारानं राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. तिचं नाव घालून 'मॉडिफाय'वर खूण केली की झालं. ती त्या वेळी लॉग इन असली तरी पुढची फाइल उघडताना नवी परवानगी लागू होते. आधीच उघडलेल्या फाइलीवर मात्र बदलाचा परिणाम होत नाही.

पण खात्याचा प्रकारच बदललात, स्टँडर्डचं अॅडमिन किंवा उलट, तर तो बदल चालू सेशनला, म्हणजे आधीच लॉग इन करून उघडलेल्या खात्याला, लागत नाही. लॉग इन होतानाच विंडोज त्या माणसाच्या अधिकारांची यादी बनवतं आणि लॉग ऑफ होईपर्यंत तीच वापरतं. पुतण्याचे अॅडमिनचे अधिकार काढलेत आणि त्याचं खातं मागे उघडं असेल, तर त्या सेशनला जुनेच अधिकार राहतात. तेवढ्या वेळी त्याला लॉग ऑफ करायलाच लावा.

नुसतं माणूस बदलायचा असेल तर विंडोज आणि एल दाबा, दुसरं नाव निवडा. पहिल्याची बिलं तशीच उघडी राहतात. मात्र कमी रॅमच्या मशीनवर तीन-चार खाती उघडी राहिली की सगळंच मंदावतं. शिवाय आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून उठण्याआधी सेव्ह करा. बंद करताना 'अजून कुणीतरी वापरतंय' अशी सूचना आली तर ती डावलू नका, त्यानं सेव्ह न केलेलं काम जाईल.

शेवटी, अॅडमिनचं आणखी एक खातं काढून ठेवा. खातं त्याच कॉम्प्युटरपुरतं (लोकल) असेल, तर एकाचा पासवर्ड विसरल्यावर दुसऱ्या खात्यातून तो बदलता येतो. आम्ही त्या दुसऱ्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे.